टोकामाकात ओंजळभर साखर

अश्विनी गर्जेला गोड वासाची शिसारी होती. श्रीगोंद्याच्या बाजारात जिलबीची कढई दिसली की ती नाकाला रुमाल लावून पलीकडच्या गटाराच्या कडेनं जायची. गटार निदान आपण कोण आहोत ते लपवत नाही, असं तिचं म्हणणं.

ह्याला कारण होतं. तिचं गाव पाथर्डीकडचं, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न पिता जातो. आई रंगुबाई आणि बाप दर दिवाळीनंतर कोयते घेऊन ट्रकात चढायचे. अश्विनी ऊसतोडीच्या तळावर पाचटाच्या कोपीतच रांगली, कोपीतच अक्षर शिकली. कोपी नेहमी कारखान्याच्या मळीच्या नाल्याकाठी. त्या मळीचा वास इतका जाड की रॉकेलची चिमणी त्याला टेकून उभी राहायची आणि कुत्री भुंकायला तोंड उघडायची ती तशीच चिकटून बसायची. अंगावरचे कपडे गोड, पाण्याची घागर गोड, आईचा हातसुद्धा गोड. पोरीला त्या गोडाची इतकी ओकारी बसली की तिनं ठरवलं, जगात जिथं काहीच नाही, अशा जागी जायचं.

ती जागा तिला पदार्थविज्ञानात सापडली. निर्वात पात्राच्या आत. तिथं हवा नाही, ओल नाही, माशी नाही, वास तर नाहीच. तिनं प्लाझ्मावर पीएच.डी. केली ती अशी. आणि मग नशिबानं तिला नोकरी दिली ती एका साखर कारखान्याच्या आवारातल्या विज्ञान महाविद्यालयात. खिडकी उघडली की समोर कारखान्याचं धुराडं. तिनं पहिल्याच दिवशी खिडकीला खिळे ठोकले.

ती टिकली ते एका यंत्रासाठी. गुजरातेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं वापरून बाजूला काढलेलं छोटं टोकामाक ह्या महाविद्यालयाला मिळालं होतं. टोकामाक म्हणजे काय, तर बाया डोक्यावर हंडा ठेवायला कापडाची चुंबळ करतात ना, तशी स्टीलची पोकळ चुंबळ, बैलगाडीच्या चाकाएवढी. आतली हवा पंपानं उपसायची. मग हायड्रोजनची एक फुंकर सोडायची आणि विजेचा असा दणका द्यायचा की तो वायू वायूच राहत नाही, त्याच्या अणूंची पार फारकत होते आणि एक तापलेलं, झळाळतं वेटोळं चुंबळीत फिरायला लागतं. तोच प्लाझ्मा. त्याला चुंबकांनी मधोमध तोलून धरायचं. भिंतीला शिवला की संपला. सूर्यात जे चालतं ते पृथ्वीवर करून वीज काढायची तर आधी ही धरून ठेवायची विद्या यायला हवी. हे छोटं यंत्र वीजबीज काढत नव्हतं. ते नुसती तालीम करत होतं.

तालीमही धड होत नव्हती. प्लाझ्मा पेटायचा आणि पापणी लवायच्या आत विझायचा. दोष लोखंडाचा होता. स्टीलच्या भिंतीतून लोखंडाचे अणू उडायचे आणि प्लाझ्मात शिरायचे. आणि लोखंड म्हणजे पंगतीला न बोलावता बसलेला माणूस. येतो, सगळ्यांच्या ताटातली ऊब खातो आणि वर ढेकर देतो. प्लाझ्मा गार, खेळ खलास.

आणि येत्या गुरुवारी दिल्लीहून नेमलेली समिती येणार होती. त्यांचा निरोप साधा होता: पापणी लवते तेवढा वेळ प्लाझ्मा धरून दाखवा. जमलं तर यंत्र इथं राहील. नाही जमलं तर खोक्यात भरून परत गुजरातेत. मग अश्विनीनं काय करायचं? अकरावीच्या पोरांना काकवीची श्यानता मोजायला शिकवायची. नुसत्या विचारानं तिला मळमळायचं.

सोमवारी सकाळी तिनं चुंबळीचं एक झाकण उघडलं होतं. आतला एक संवेदक बदलायचा होता. हातात मोजे, डोक्याला टोपी, तोंडाला मुसकं. तिच्या मदतीला तंत्रज्ञ रामहरी होता, पन्नाशीचा, शांत. तेवढ्यात बाहेर हलगी वाजली.

"मॅडम," रामहरी म्हणाला, "आबासाहेब आले."

आबासाहेब म्हणजे कारखान्याचे आणि महाविद्यालयाचे चेअरमन. तीस वर्षं गव्हाणीत उसाची पहिली मोळी त्यांनीच टाकलेली. बॉयलर पेटवायचा तर काडी त्यांची, साखरेचं पहिलं पोतं पुजायचं तर कुंकू त्यांचं. तालुक्यात त्यांच्या हाताशिवाय गिरणीचा पट्टासुद्धा फिरत नव्हता. त्यांच्या अंगावर सत्काराच्या इतक्या शाली पडलेल्या की म्हणे त्या उलगडल्या तर भीमेवर पूल होईल.

ते आले ते पत्नी विजयमालाबाई, प्राचार्य राधाकृष्ण सर, एक फोटोवाला आणि संचालक मंडळ एवढ्यांना घेऊन. देवळात यावं तशी सगळ्यांनी दारात पायताणं काढली. अश्विनीला खरं तर उलटं हवं होतं, पायताणांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून या म्हणून तिनं पाटी लावली होती. आता सकाळपासून चपलेत उकडलेले, घामट, भेगाळलेले पाय तिच्या चकचकीत फरशीवर उमटायला लागले. एकेक अंगठा ओला, स्पष्ट. एका संचालकाच्या गालात गुटखा होता आणि तो कोपरा शोधत होता.

"ताई, मुहूर्त करून टाकू," आबासाहेब म्हणाले. "समिती यायच्या आत शुभारंभ झालेला बरा."

"आबासाहेब, यंत्र उघडं आहे. कुणी जवळ यायचं नाही. आत बोटाचा ठसा उमटला तरी त्यातलं तेल चार दिवस निघत नाही."

"आमी हात धुऊन आलोय की."

"धुतलेला हात जास्त वाईट. साबणाचं राहतं."

संचालक हसले. विजयमालाबाई म्हणाल्या, "अगं, लांबूनच ओवाळते. पोरीची जात तू, आन् एवढी कजाग!"

प्राचार्य कानाशी आले. "मॅडम, पाच मिनिटं. ह्या इमारतीचं वीजबिल कोण भरतं, ते आठवा."

तिनं नाइलाजानं जमिनीवर एक रेघ मारली आणि म्हणाली, ह्याच्या आत नाही. आरती लांबूनच झाली. कापराचा धूर छताला लागला. इथपर्यंत तिनं दात आवळून धरले. पण नारळ कुठं फोडायचा, म्हणून गुटखेवाल्या संचालकानं टणक जागा शोधली आणि त्याला निर्वात पंपाची कड पसंत पडली. त्या पंपाची किंमत त्याच्या अख्ख्या मळ्याएवढी. अश्विनी ओरडत पंपाकडे धावली, नारळ हिसकावला, ह्या झटापटीत संचालकाच्या गालातला ऐवज तिच्या पांढऱ्या डगल्यावर सांडला. लालभडक, कोमट. तिथल्या तिथं तिला दोन उमासे आले.

ती परत वळली तेव्हा फोटो काढून झाले होते आणि आबासाहेब हात झटकत रेघेच्या बाहेर उभे होते. सगळे समाधानी. टाळ्या झाल्या. मंडळी गेली. मागं फरशीवर पावलं, राख आणि हळद राहिली. अश्विनीनं डगला जाळला, खरोखर जाळला, आणि मग फरशी स्वतः पुसली.

झाकण लावलं. पंप सुरू झाला. दाबमापकाचा काटा चांगला खाली उतरला. मंगळवारी तिनं चुंबळीला गुंडाळलेल्या तापपट्ट्या चालू केल्या, म्हणजे भिंतींत मुरलेली ओल निघून जाईल. पात्र हळूहळू तापलं आणि काटा खाली जायच्या ऐवजी सरसर वर चढला.

"गळतंय कुठं तरी," रामहरी म्हणाला.

अश्विनी पंपाच्या मागच्या नळीकडं तोंड करून उभी होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. त्या नळीतून वास येत होता. ऐन गुऱ्हाळात कढई उतरायच्या वेळचा, करपलेल्या गुळाचा वास. तिच्या सगळ्यात रिकाम्या जागेतून.

तिनं फोन लावला.

"आबासाहेब, काल तुम्ही माझ्या यंत्रात काही टाकलं का?"

"टाकलं की!" पलीकडून अभिमान ओसंडला. "यंदाच्या पहिल्या पोत्यातली. पूजेची. ओंजळभर टाकली, चांगली आतपातूर."

"साखर?"

"मग काय मीठ टाकीन? मोळी टाकनार हुतो, पन भोक बारीक निघालं."

"आबासाहेब, ते पात्र रिकामं असायला लागतं! रिकामं ठेवणं हेच माझं काम आहे! वर्षभर मी फक्त ते रिकामं करतेय!"

आबासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, तुमी पाथर्डीच्या ना? तुमच्या आईनं शेजारनीचं भांडं कदी रिकामं परत दिलं का? चिमूटभर साखर तरी घालतीच का न्हाई? तुमी गरिबीत काढले दिवस, तरी घालत असंल. मग आमी एवढा मोठा कारखाना काढून बसलो, आन् आमच्या दारात आलेलं भांडं रिकामं ठिवू?"

रंगुबाई खरंच घालायची. तिनं फोन ठेवला आणि पाथर्डीच्या बोलीत अशी एक शिवी दिली की रामहरीनं कानावरून हात फिरवला.

झाकण पुन्हा उघडलं. आत जे होतं ते पाहून तिनं डोळे मिटले. झाकणाच्या खालच्या भागात काळपट-तपकिरी चिकटा साचला होता, शेंबडासारखा ओघळलेला आणि मध्येच बुडबुडे येऊन थिजलेला. ती खरवडायला बसली. मोजा चिकटायचा, निघताना तार यायची. तार तुटायची ती मनगटावर पडायची. कोपरापर्यंत हात आत घालून ती खरवडत होती आणि दर थोड्या वेळानं बाहेर जाऊन बेसिनवर वाकत होती.

वास पसरला. आधी दारात महाविद्यालयाची कुत्री येऊन बसली, मग मधमाश्या आल्या, मग मुंगळे. कारखान्याच्या गोदामापासून प्रयोगशाळेपर्यंत मुंगळ्यांची अशी काळी रांग लागली की उसाचे ट्रॅक्टर रस्त्यात उभे राहिले. ड्रायव्हर म्हणाले, आधी ह्यांचं जाऊ द्या, ह्यांचा नंबर आधी लागलाय. रामहरी केरसुणी घेऊन उंबऱ्यावर उभा राहिला. तरी एक मुंगळा अश्विनीच्या मुसक्यात शिरला आणि ओठावर चावला.

"जेवढा हात पोचला तेवढं काढलं," शेवटी ती म्हणाली. "पण पुढं वळण आहे. वाफ सगळीकडं गेलीये. अख्ख्या चुंबळीला आतून पातळ तपकिरी सारवण बसलंय. ते काढायचं तर यंत्र कापावं लागेल."

"समिती परवा येनार," रामहरी म्हणाला. "काय करायचं म्हनता?"

करण्यासारखं एकच होतं. झाकण लावायचं, अजून तापवायचं, आणि आत विजेच्या जोरावर हायड्रोजनची मंद गुलाबी ज्योत सतत पेटती ठेवायची. त्या ज्योतीनं भिंतीवरचं जे काही सैल असेल ते सुटतं आणि पंप ते ओढून घेतो. बुधवार सगळा त्यात गेला. नळीतून आधी वाफ आली, मग करपट वास, मग वास कमी कमी होत गेला. अश्विनी तिथंच बसून राहिली. खोक्यांची मापं तिनं मनातल्या मनात घेऊन ठेवली होती: चुंबकांना चार, पात्राला एक. पात्राच्या खोक्याचा विचार आला की ती मुसक्याच्या कडेनं डोळे पुसायची, आणि आपण साखरेनं माखलेल्या भांड्यासाठी रडतोय हे ध्यानात आलं की तिला स्वतःचीच किळस यायची.

गुरुवारी समिती आली. तिच्या प्रमुख बाई पुण्याच्या होत्या, बारीक, पांढऱ्या केसांच्या. बोलताना चष्म्यावरून बघायच्या. त्यांच्यामागे आबासाहेब, नवा फेटा बांधून. अश्विनीनं कुणाकडं पाहिलं नाही. तिनं कळ दाबली.

चुंबळीच्या काचेतून उजेड आला. आणि राहिला.

पापणी लवली. उजेड होताच. आणखी लवली. मग तो शांतपणे, आपल्या मर्जीनं विझला.

"परत," प्रमुख बाई म्हणाल्या.

परत तसंच. त्यांनी वर्णपटाच्या पडद्याशी, जिथं प्लाझ्मातलं एकेक मूलद्रव्य आपली रेषा उमटवतं, तिथं जाऊन नाक टेकवलं. "लोखंडाची रेषा कुठं गेली? मागच्या आलेखात तर ठळक होती. तुम्ही भिंतीवर कार्बनचा थर दिलाय! स्टीलवर कार्बन चढला की लोखंड उडत नाही. आणि कार्बन हलका, तो एवढी ऊब खात नाही. छान काम आहे. थर कशानं दिला? मिथेन वापरला का?"

अश्विनीच्या डोक्यात सगळं एका क्षणात जुळलं. करपलेल्या साखरेत उरतो तो कोळसा. पाणी उडालं, ऑक्सिजन ज्योतीनं ओढून नेला, आणि भिंतीवर राहिला तो कार्बन, जो द्यायला तिच्याकडं ना यंत्रणा होती ना परवानगी. हे तिनं केलेलं नव्हतं. ते त्या माणसानं केलं होतं जो मागं फेटा सावरत उभा होता.

प्राचार्य तिच्या कानाशी आले. त्यांच्या तोंडाला वेलदोड्याचा वास होता. "मिथेन म्हणा. मिथेनच म्हणा. नाव होईल तुमचं."

तो गोडसर, ओलसर श्वास तिच्या कानात शिरला आणि तिला मळीच्या नाल्याहूनही जास्त घाण वाटली. तिनं मान झटकली.

"साखर," ती म्हणाली.

"काय?"

"चेअरमनसाहेबांनी पूजेत ओंजळभर साखर आत टाकली. मला न विचारता. मी तापवल्यावर कळलं. मी हात पोचेल तेवढी खरवडली, बाकीची जळून भिंतीला बसली. मी काही केलेलं नाही."

समितीतला एक जण खो खो हसला. आबासाहेब पुढं सरसावले, "व्हय, म्याच! पहिल्या पोत्यातली! फोटो हाय!" आणि खरंच फोटोवाल्यानं फोटो पुढं केला: ओंजळ, झाकण आणि मागं पाठमोरी अश्विनी, नारळाशी झुंजताना.

प्रमुख बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोटो पाहिला, पडदा पाहिला आणि मग अश्विनीकडं चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं.

"मिथेन म्हणाला असतात तर मी सिलिंडर दाखवा म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "आता ऐका. अपघातानं एकदा घडलं त्याला निष्कर्ष म्हणत नाहीत. पात्र साफ करा, अगदी स्टील दिसेपर्यंत. त्यासाठी माणसं मी देते. कोरं चालवून दाखवा. मग तीच साखर मोजून घाला आणि परत दाखवा. दोन्हीतला फरक ठाम निघाला तर यंत्र इथंच राहील. तुमची तयारी नसेल तर आजच सांगा, ट्रक मागवते."

"दुसरं काही नाही चालणार?" अश्विनीनं विचारलं. "मिथेनच आणून..."

"मिथेनचं जगाला माहीत आहे. मला ह्याचं बघायचंय."

रामहरी तिच्याकडं बघत होता. तिला उमगलं की पुढचे कित्येक महिने, कदाचित कित्येक वर्षं, आपल्याला हाच वास हुंगायचा आहे; आणि ह्या वेळी कुणी आपल्या पाठीमागून काही टाकणार नाही.

"तयारी आहे," ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिचं तोंड कडूजहर झालं.

पात्र साफ झालं. कोरं चाललं, पापणी लवायच्या आत विझलं, परत परत विझलं. मग एका दुपारी अश्विनी स्वतः आबासाहेबांच्या बंगल्यावर गेली. पूजेचं पोतं देवघरात होतं. विजयमालाबाईंनी आधी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि डबा भरता भरता म्हणाल्या, "बघ, म्हनलं हुतं ना, लांबूनच ओवाळते? ह्यांना धीर न्हाई कशाचा."

"बारीक दाण्याची आहे की मोठ्या?" अश्विनीनं विचारलं. तिला ते लिहून ठेवावं लागणार होतं.

"मोठ्या दान्याची. चांगली हाय. चाखून बघ."

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की देवघरातली समई हलली.

प्रयोगशाळेत तिनं साखर तराजूवर मोजली. दाणे चमकत होते. तिनं मोज्यावर दुसरा मोजा चढवला, तरी तळहाताला ते दाणे टोचल्यासारखे वाटले. लहानपणी आई कोपीत हात धुऊन यायची आणि गालाला हात लावायची, तसाच तो चिकट स्पर्श. तिनं डोळे उघडे ठेवले. साखर आत ओतली, झाकण आवळलं.

"तापव," ती रामहरीला म्हणाली.

वास आला. ह्या वेळी ती बाहेर पळाली नाही. कोपऱ्यात बादली ठेवली होती, तिथं गुडघ्यावर बसून सगळं ओकली, तोंड पुसलं आणि परत येऊन काट्यासमोर बसली. काट्याचा आकडा वहीत नीट, तिरका न होऊ देता लिहिला. असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी कळ दाबली. उजेड आला, आणि राहिला. पुन्हा दाबली, पुन्हा राहिला. समितीच्या बाईंनी पुण्यात बसून स्क्रीनवर पाहिलं आणि फक्त मान हलवली.

संध्याकाळी आबासाहेबांचा फोन आला. प्रयोगशाळेत यायला त्यांना तिनं बंदी घातली होती; ते फाटकाबाहेर गाडीत बसून होते.

"राह्यलं का मशीन, ताई?"

"राहिलं."

"मी सांगत न्हवतो? आता दर हंगामाला म्याच टाकनार. नवं पोतं, नवी ओंजळ. हलगी लावू, गावजेवन करू..."

"आबासाहेब, ऐका. तुम्ही टाकणार नाही. तुमचा पाय इथं पडणार नाही, संचालकांचा तर नाहीच. साखर तुम्ही फाटकात ठेवायची, पिशवी बांधून, वर हंगामाचं वर्ष लिहून. रामहरी घेऊन येईल."

"बरं," आबासाहेब जरा हिरमुसले. मग धीर करून म्हणाले, "किती ठिवू?"

अश्विनीनं नाकाला रुमाल लावला, बादलीकडं एकदा पाहिलं आणि हिशेब केला.

"आत्ता किलोभर ठेवा," ती म्हणाली. "आणि गाडीच्या काचा लावून घ्या. मुंगळे निघालेत."